कुलूपकाकांचं फडताळ

बसडेपोच्या स्टोअरमध्ये ज्यांनी उभी हयात काढली, त्या काकांना डेपोतले लोक तोंडावर 'काका' आणि पाठीमागे 'कुलूपकाका' म्हणत. काकांना हे ठाऊक होतं आणि मनातून ते त्यावर खूशच होते. स्टोअरच्या जाळीमागे ते बसलेले असले, की ब्रेकचं लायनर मागायला आलेला मेकॅनिकसुद्धा आधी केसांवरून हात फिरवून घ्यायचा. गाडी कुठली? बिघाड काय? जुना पार्ट कुठाय, तो आधी दाखव. एवढी उलटतपासणी झाल्यावर काका उठत, मागे वळूनही न बघता फळीवर हात घालत आणि नेमकी हवी ती वस्तू खिडकीत ठेवत. "जपून वापर, झाडाला लागत नाहीत ही," असं ऐकवल्याशिवाय मात्र ती हातातून सोडत नसत.

त्यांच्यावर खार खाणारी माणसं डेपोत कमी नव्हती, पण एक गोष्ट तीही मान्य करत. काकांच्या अमदानीत माल नाही म्हणून एकही बस कधी आवारात अडकून पडली नाही. काहीही मागा, ते फळीवर असायचंच. भरलेली फळी बघितली की काकांना जे समाधान वाटे, ते इतरांना नातवंडं बघून वाटत असावं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी काकू गेल्या. त्या होत्या तोवर स्वयंपाकघर म्हणजे परक्या खात्याचं स्टोअर होतं, तिथे काकांचा अंमल चालत नसे. ते वेळेवर टेबलाशी येत, पुढ्यात येईल ते खात आणि मीठ कमी असलं तर चकार शब्द न काढता वरून घेत. स्वयंपाकातलं त्यांना काही येत नाही, असं काकू कौतुकाने सगळ्यांना सांगत. काकू गेल्या आणि घर इतकं गप्प झालं, की फ्रिजची घरघर त्यांना झोपायच्या खोलीत ऐकू येऊ लागली.

काकांना दोन मुलं. धाकटा दूरदेशी, आणि फोनवर "ताई म्हणेल तसं" एवढं बोलून मोकळा होणारा. थोरली मात्र याच गावात. तिचं स्वतःचं मोटार ट्रेनिंग स्कूल. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, ही शेजारच्या सीटवर, आणि हिच्या पायाखाली वेगळा ब्रेक. ती सवय अंगात अशी मुरली होती, की कुणाचंही आयुष्य जरा वाकडंतिकडं चाललेलं दिसलं की तिचा पाय आपोआप दाबला जायचा. नवऱ्याला त्याची सवय झाली होती आणि मुलांनी आशा सोडली होती.

एका सकाळी थोरली न कळवता आली आणि थेट फ्रिजशी गेली. आत एक वाळलेलं लिंबू होतं आणि दिवा होता.

"बाबा, हे काय आहे?"

"लिंबू."

"ते दिसतंय मला. जेवण कुठाय?"

"करतो की मी काहीतरी."

"काय करता?"

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. थोरलीने कपाटं उघडली, डबे हलवून पाहिले, एका बरणीत टोस्ट सापडले ते पुन्हा बंद केले. मग खुर्ची ओढून ती काकांच्या समोर बसली.

"माझ्याकडची मागची खोली रंगवून झालीय. पलंग आलाय, दिवा बसवलाय. तुम्ही यायचं, बस्स. मला आता तुमची उत्तरं नकोत."

काकांना जायचं नव्हतं. लेकीचं घर चांगलं होतं, जावई देवमाणूस होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण तिथे ते पाहुणे असणार, इथे मालक होते. हे घर बसच्या रस्त्यावर होतं. डेपोचे जुने ड्रायव्हर जाता जाता हॉर्न देत आणि काका सज्ज्यातून हात वर करत. आणि खरं कारण त्याहून वेगळं होतं. या घरातून आपण निघालो तर काकू इथे एकट्या पडतील, असं त्यांना वाटे. माणूस गेल्यावर असं काही नसतं हे त्यांना कळत होतं, तरी वाटायचं ते वाटायचंच. हे ते कुणाला बोलले नव्हते आणि बोलणारही नव्हते.

"स्वयंपाकघराचाच प्रश्न आहे ना?" काका म्हणाले. "मला दोन महिने दे. उभं करून दाखवतो."

"तुम्ही?"

"मी अख्खा डेपो चालवलाय. एक स्वयंपाकघर चालवायला काय होतंय?"

थोरलीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "ठीक आहे. भाजी आणा, निवडा, चिरा, हे तुमच्याकडून व्हायचं नाही, ते मी धरतच नाही. डबाबंद आणा, पाकिटातलं आणा, फ्रोझन आणा. पण कुठल्याही क्षणी दोन वेळचं नीट जेवण उभं राहील इतकं सामान घरात हवं. मी कधीही येईन आणि उघडून बघेन. नापास झालात तर तिथल्या तिथे बॅग भरायची. कबूल?"

"कबूल."

"हात द्या."

काकांनी हात दिला. ती गेल्यावर त्यांनी बाह्या सरसावल्या. लेकीने त्यांना पोहायला सांगितलं असतं तर ते घाबरले असते. सामान भरायला सांगितलं होतं, आणि तो तर त्यांच्या हातचा मळ होता.

पहिले दोन दिवस त्यांनी काहीच विकत आणलं नाही. दुकानात जाऊन ते नुसते पाकिटं उलटी करून वाचत उभे राहिले. पाकिटाच्या पाठीमागची कृती त्यांना फारच आवडली. इतकं पाणी, इतकी मिनिटं, मधे एकदा ढवळा, झाकण ठेवा. काकूंच्या तोंडून त्यांनी जन्मभर 'अंदाजाने' हाच एक शब्द ऐकला होता, त्यामुळे स्वयंपाक ही दैवी देणगी असावी अशी त्यांची समजूत होती. इथे तर सगळं गाडीच्या माहितीपुस्तकासारखं लिहून ठेवलेलं. "अरेच्चा, एवढंच होय!" ते मोठ्याने म्हणाले, तेव्हा काउंटरवरच्या बाईने मान वर करून पाहिलं.

तिसऱ्या दिवसापासून काकांनी माल उचलायला सुरुवात केली. ते प्रत्येक डबा बोटाने वाजवून बघत. पोचा आलेला डबा परत ठेवत आणि काउंटरवरच्या बाईला तो का घेऊ नये हे समजावून सांगत. झाकण फुगलेला एक डबा त्यांनी थेट मॅनेजरच्या हातात नेऊन दिला. तारखा ते चष्मा वर करून वाचत आणि फळीच्या मागच्या बाजूला हात घालून ताजा माल बाहेर काढत. शेवटी शेवटी ती बाईच त्यांना म्हणू लागली, "काका, तुम्हीच लावून जाता का आमच्या फळ्या?"

विचार करूनच घेत होते ते. नुसतं सामान भरून उपयोग नाही, ते एकमेकांना जुळलं पाहिजे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. टायर आहे आणि ट्यूब नाही, असलं स्टोअर काय कामाचं? म्हणून तयार भाताची पाकिटं आली, त्यांच्या जोडीला बीन्सचे डबे आणि टोमॅटोचे डबे. नूडल्स आल्या, तर त्यांच्याबरोबर टाकायला फ्रोझन मटार, मक्याचे दाणे आणि अंडी. सूपची पाकिटं, आणि सूप नुसतं पोटाला पुरत नाही म्हणून फ्रीझरमध्ये कापलेला पाव. डबाबंद मासे आणि त्यांच्याशी जमणारी बटाट्याची पावडर, जिच्यात गरम पाणी ओतून ढवळलं की कुस्करलेला बटाटा तयार. सकाळसाठी ओट्स आणि दुधाची पावडर. गोडाला अननसाचे डबे. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं म्हणून तळलेला कांदासुद्धा बंद पाकिटात.

मग फडताळ लागलं. भिंतीतलं ते फडताळ काकूंनी लोणच्याच्या बरण्या आणि जुन्या पिशव्या यांनी भरलं होतं. काकांनी ते रिकामं केलं, पुसलं, फळ्यांवर स्वच्छ कागद अंथरला. जड डबे खाली, पाकिटं वर, रोजचं डोळ्यांच्या रेषेत. नवा माल मागे, जुना पुढे. प्रत्येक लेबल बाहेरच्या बाजूला. काम संपल्यावर त्यांनी दोन्ही दारं उघडी ठेवली आणि मागे सरकून उभे राहिले. कित्येक महिन्यांनी त्यांची छाती भरून आली होती. बाहेरून एक बस हॉर्न देत गेली, आणि काका हात वर करायचं विसरून गेले.

संध्याकाळी ते चहा आणि टोस्ट खाऊन झोपले.

काही दिवसांनी फोरमन आला. हा काकांचा डेपोतला जुना दोस्त. नोकरीत असताना दोघांचं रोज खिडकीच्या आरपार भांडण व्हायचं आणि रोज एका बाकावर बसून चहा व्हायचा. फोरमन अजूनही एका गॅरेजात अर्धा दिवस जाई. आला तो हाताला ग्रीस आणि पोटात कावळे घेऊनच.

"काय ठेवलंयस खायला?" त्याने फडताळाचं दार उघडलं. "अरे बापरे! युद्धबिद्ध होणार आहे का?"

"हात लावू नकोस. काय हवंय ते सांग."

"त्या नूडल्स दे."

"कशाला हव्यात?"

"कशाला म्हणजे? खायला, लेका! सकाळपासून इंजिनाखाली पडलोय. भूक लागलीय."

हे उत्तर काकांना पटलं. ते उठले आणि पाण्याचं भांडं चढवलं. नूडल्स, वरून मटार, मक्याचे दाणे, एक अंडं फोडून, आणि शेवटी तळलेल्या कांद्याची चिमूट. फोरमन खुर्चीत बसून हे सगळं आ वासून पाहत होता. बशी पुढे आली तशी त्याने ती चाटूनपुसून रिकामी केली.

"वहिनींना सांगायला हवं होतं कुणीतरी," तो अखेर म्हणाला. "तुझ्या हाताला चव आहे."

"पाकिटाला आहे."

"तू नाही खात?"

"माझं आत्ताच झालं."

फोरमनने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "वाळलास तू."

"वयाने वाळतंच माणूस. तू एक तेवढा फुगत चाललायस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत काका दाराशी हजर होते. त्यांनी नूडल्सचं एक पाकीट घेतलं, घरी आणलं आणि रिकाम्या जागी मागच्या बाजूला लावलं. फळी पुन्हा भरली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. दुपारी त्यांनी टोस्ट खाल्ले. टोस्ट फडताळातले नव्हते, ते बरणीतले, किरकोळीतले. त्यांचा हिशेब काकांच्या लेखी वेगळा होता.

दोन महिने भरत आले तशी थोरली आली. या खेपेला गाडीवरची शिकाऊ पाटीसुद्धा न काढता, दोन धड्यांच्या मधल्या वेळात. काकांनी तिला पाणीही विचारलं नाही. सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि फडताळाची दारं दोन्ही हातांनी उघडली.

थोरली बघतच राहिली. मग तिने एकेक फळी तपासली, डबे फिरवून पाहिले, तारखा वाचल्या, फ्रीझर उघडून मटार दाबून पाहिले. तिला खोट काढायची होती आणि ती सापडत नव्हती. काका शेजारी हात मागे बांधून उभे होते आणि कशाबरोबर काय करायचं ते सांगत होते. बटाट्याच्या पावडरीत आधी मीठ टाकायचं, नंतर पाणी, नाहीतर गुठळ्या होतात. माशाच्या डब्यातलं तेल फेकायचं नाही.

"बाबा, माझ्या घरी नाही हो असं!" थोरली हसायला लागली. "पास. पैकीच्या पैकी. खोलीत आता मी शिवणाचं मशीन ठेवते."

काकांनी डोळे मिटले. घर वाचलं. आता इथून त्यांना कुणी हलवणार नव्हतं. "थांब, चहा करतो," ते म्हणाले, आणि चहा झाला, दोघांनी उभ्याउभ्याच घेतला, आणि आपल्या कपातली चहाची पिशवी टाकायला थोरलीने ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं.

ती तशीच वाकून राहिली. आत चहाच्या पिशव्या होत्या. त्यांच्याखाली टोस्टच्या पुड्याचा कागद, त्याच्याखाली पुन्हा चहाच्या पिशव्या.

"बाबा, रिकामे डबे कुठे टाकता?"

"अं?"

"बीन्सचे, टोमॅटोचे. खाल्ल्यावर डबा रिकामा होतो ना? तो कुठे टाकता?"

"बाहेर. मोठ्या पिंपात."

थोरली बाहेर गेली, मोठ्या पिंपाचं झाकण आपटल्याचा आवाज आला, आणि ती परत आली. "काल रात्री काय जेवलात?"

"बीन्स. आणि भात."

"शिकाऊ माणूस म्हणतो, आरशात बघितलं. पण मान हलली की नाही ते मला शेजारी बसून कळतं. खोटं बोलू नका. शर्ट वर करा."

"काय हे भलतंच?"

"वर करा."

काकांनी शर्ट वर केला. पट्ट्याचं टोक पार बगलेकडे गेलं होतं. पट्ट्याला मुळातली भोकं होती, त्यांच्या पुढे खिळ्याने पाडलेलं एक ओबडधोबड भोक, आणि त्याच्या पुढे अजून एक, अगदी ताजं. आतलं पोट जवळजवळ नव्हतंच. थोरलीने त्या भोकांवरून बोट फिरवलं आणि तिचा आवाज चढला.

"हे असलं फडताळ भरून माझ्या तोंडाला पानं पुसलीत? बॅग कुठाय?"

ती तरातरा झोपायच्या खोलीत गेली, कपाटावरची बॅग ओढून तिने पलंगावर टाकली. काका मागोमाग धावले. "तू पास म्हणालीस! शब्द दिलायस तू!"

"फसवून घेतलात!"

"सामान असावं, एवढंच ठरलं होतं. आहे की नाही?"

"सामान कशासाठी असतं, बाबा?"

"लागेल त्याला द्यायला."

"मग तुम्हाला नव्हतं लागत? दोन महिने?"

काका पलंगाच्या कडेला बसले. आतापर्यंत त्यांच्या आवाजात जाळीमागचा तोरा होता, तो गेला. ते हातांकडे बघत बोलू लागले.

"रोज संध्याकाळी दार उघडायचो गं. डबा काढायचो, ओपनरसुद्धा हातात घ्यायचो. करायला येत नाही असं नाही. फोरमनला करून घातलं, त्याने बशी चाटून पुसून ठेवली. त्याला द्यायला काही वाटलं नाही. तो चालू आहे, कामावर जातो. पण स्वतःसाठी डबा उघडायला गेलो, की हात थांबायचा. डेपोत भंगारात काढलेल्या गाडीला माल देत नाहीत. नियमच आहे. ती मागच्या आवारात उभी असते, तिला कुठे जायचं नसतं, कुणाला न्यायचं नसतं. तिच्यात चांगला पार्ट घातला तर तो फुकट गेला. तुझी आई गेल्यावर मला तरी कुठे जायचंय आता?"

बॅगेत भरायला घेतलेला शर्ट थोरलीने पलंगावर ठेवला. तिला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पण बापाला ती ओळखून होती. रडण्याने ते फक्त बिचकले असते आणि तिलाच समजावत बसले असते. ती त्यांच्या शेजारी बसली.

"मला एक सांगा. डेपोत गाडी भंगारात कोण काढतं?"

"का?"

"सांगा ना."

नियमाचा विषय निघाल्यावर काकांची पाठ आपोआप ताठ झाली. "आधी फोरमन लिहून देणार. मग इंजिनीअर येऊन तपासणार. मग वरून मंजुरी. त्याशिवाय गाडीला हात लावता येत नाही."

"आणि स्टोअरकीपर?"

"छे! स्टोअरकीपरचा काय संबंध? गाडी चांगली का वाईट, हे त्याने बघायचंच नाही. मागणी आली की माल द्यायचा. आमच्या आधीच्या एकाने गाडी फार जुनी आहे म्हणून पार्ट अडवून ठेवला होता. मेमो मिळाला त्याला. चांगलाच धारेवर धरला होता."

"मग तुम्ही कुणाला विचारून काढलंत स्वतःला?"

जाळीमागे बसून काकांनी भल्याभल्यांची तोंडं बंद केली होती, पण हा प्रश्न त्यांना आजवर कुणी टाकला नव्हता. त्यांनी मनातल्या मनात सगळे नियम चाळून पाहिले आणि कुठेच आपली बाजू सापडली नाही.

"कुणालाच नाही," ते हळूच म्हणाले. "अधिकाराबाहेरचं झालं खरं."

"चांगलंच झालं. फोरमनकाका लिहून देणार नाहीत. धाकटा देणार नाही. आणि मी मंजुरी देत नाही, बाबा. जन्मात नाही देणार." इथे मात्र तिचा बांध फुटला. "आई गेली तेव्हा मला वाटलं, निदान तुम्ही आहात. आणि तुम्ही इथे टोस्ट खाऊन बसलायत! मला तुम्ही हवे आहात. चालते हवे आहात."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना शरम वाटली आणि त्याच वेळी फार बरं वाटलं, एवढं बरं त्यांना काकू गेल्यापासून वाटलं नव्हतं. आपण मागच्या आवारात उभे आहोत हे त्यांनी एकट्यानेच ठरवून टाकलं होतं, आणि इथे कुणीतरी त्यांची वाट बघत होतं. काही वेळाने त्यांनी तिला आपला रुमाल दिला आणि उठले.

"तुझा पुढचा धडा किती वाजता आहे?"

"रद्द करते."

"कर."

फडताळाच्या पुढच्या रांगेतला बीन्सचा डबा त्यांनी उचलला, पाठोपाठ टोमॅटोचा. ओपनर कोरा होता, त्याची कागदी पट्टीसुद्धा निघाली नव्हती. ती त्यांनी दातांनी फाडली. डबा उघडताना क्षणभर त्यांचा हात अडला, थोरलीला ते दिसलं. मग चक्र फिरलं आणि झाकण वर आलं. कढईत तेल, तळलेला कांदा, टोमॅटो, बीन्स. मटार शेवटी, रंग जाऊ नये म्हणून. भाताची दोन पाकिटं गरम पाण्यात. घरभर वास सुटला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर वाफ धरली.

दोघं टेबलाशी बसली. काकांनी पहिला घास घेतला तो अगदी सावकाश, एखादं औषध घ्यावं तसा. दुसरा जरा लवकर. मग चमच्याचा आवाज तेवढा येत राहिला. थोरलीने स्वतःच्या ताटातलं दोनदा त्यांच्या ताटात सरकवलं तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"बॅग जागेवर ठेव," ते मधेच म्हणाले. "मी येणार नाही."

"बाबा..."

"ऐक. तू तपासणीच चुकीची लावली होतीस. फळी भरलेली आहे का, हे काय बघायचं? ती मी झोपेतसुद्धा भरीन. रविवारी रविवारी येत जा आणि कचऱ्याचा डबा उघड. त्यात रिकामे डबे नसले, की तिथल्या तिथे मी स्वतः बॅग भरतो. आणि या पट्ट्याची ही दोन भोकं मला मागे टाकायची आहेत. ती बघत जा. खोलीत तू खुशाल शिवणाचं मशीन ठेव."

थोरलीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. आवाजात जाळीमागचा तोरा परत आला होता. तिला तो लहानपणी नकोसा व्हायचा, आज तो ऐकून तिला हायसं वाटलं.

"आणि फोरमनकाकांना करून घालाल, तेव्हा शेजारी बसून खायचं. 'माझं झालं' चालणार नाही."

"मंजूर."

"ठरलं मग," ती म्हणाली.

काका ताटाकडे बघत होते. ताट स्वच्छ झालं होतं. कढईत अजून थोडं उरलं होतं, आणि त्यांची नजर तिकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. मग त्यांनी ताट उचललं आणि लेकीपुढे धरलं.

"वाढ ते," ते म्हणाले. "मला भूक लागलीय."

थोरलीने कढई चमच्याने खरवडून होतं तेवढं सगळं त्यांच्या ताटात घातलं.